नांगीत पकडलेलं कॅल्शियम

रायपूर स्टेशनच्या मागच्या बाजूला उतरलं की गुढियारी लागते. तिथल्या थोक बाजारात माझ्या भाच्याचं किराणा मालाचं दुकान आहे. हळदीची, धण्याची पोती, मिरचीचा ठसका, आणि गल्ल्याशेजारी नोटा तपासायचं एक लहानसं यंत्र. वर जांभळट नळी, खाली नोट धरायला जागा. पाचशेची नोट धरली की एरवी न दिसणारे बारीक धागे चमकतात आणि नंबर उजळतो. चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर असं यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. आणि माझ्या पिशवीत फणसाच्या लाकडाचा भुसा असतोच. का, ते सांगतो.

"मामा, काहीतरी दाखवणार होते ना तुम्ही?" दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर भाचा म्हणाला. मी चहाच्या काचेच्या ग्लासात थोडं स्पिरिट घेऊन त्यात भुसा भिजवला आणि रुमालातून गाळला. पिवळं पाणी निघालं. जांभळ्या नळीखाली धरलं तर काही विशेष नाही, मळकट पिवळं ते मळकट पिवळंच. मग दुकानातल्याच तुरटीचा खडा कुटून पाण्यात विरघळवला आणि त्याचे चार थेंब ग्लासात सोडले. ग्लास आतून हिरवा उजळला. भाच्यानं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे नीट दिसावं.

दुकानात वही लिहायला एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे. सिकलसेलचा, 'एसएस' पॅटर्नचा. महिन्यातून दोन-चार दिवस हातपाय दुखतात म्हणून येत नाही. तो इतका वेळ मागे उभा राहून पाहत होता. त्यानं विचारलं, "कका, मोर खून म घलो अइसने चमकही का?" माझ्या रक्तातही असंच चमकेल का?

मी त्याला त्या वेळी 'हो' म्हणालो. उत्तर इतकं सोपं नव्हतं.

फणसाच्या लाकडात मोरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. श्रीलंकेत, ब्रह्मदेशात भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या काढ्यात रंगवत. कापडावर रंग टिकावा म्हणून तुरटी घालायची हे रंगाऱ्यांना फार जुनं ठाऊक. तुरटीतलं अॅल्युमिनियम मोरिनच्या रेणूला धरतं आणि मोरिन अॅल्युमिनियमला. ही पकड बसली की मोरिन अतिनील प्रकाश खाऊन हिरवा प्रकाश ओकायला लागतं. १८६७ साली गोपेल्सरोडर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञानं याच चमकेवरून अॅल्युमिनियम ओळखायची रीत काढली. धातू सापडला की उजळणारा रेणू, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. जिवंत पेशीच्या आत तो रेणू नेऊन बसवायला मात्र आणखी शंभरेक वर्षं गेली.

उजळतो तो का? रेणूनं प्रकाश गिळला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. खाली उतरताना तो ती ऊर्जा प्रकाश म्हणून परत देऊ शकतो, किंवा नुसतीच थरथरून, उष्णता करून घालवू शकतो. धातू नसताना मोरिन दुसऱ्या वाटेनं जातं. धातूच्या पकडीत रेणू ताठ बसतो, थरथर कमी होते आणि प्रकाशाची वाट मोकळी होते. दुसऱ्या काही रेणूंत शेजारचा नायट्रोजन आपल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांपैकी एक खाली रिकाम्या झालेल्या पायरीवर घुसवतो आणि चमक मारून टाकतो. धातूनं ते इलेक्ट्रॉन धरून ठेवले की चमक परत येते. या तत्त्वावर मूळचे कोलंबोचे आणि पुढे बेलफास्टला स्थायिक झालेले प्रसन्न डी सिल्वा यांनी असंख्य रेणू बांधले. तांबं, लोखंड असे धातू मात्र उलटं करतात. त्यांच्यातले एकटे इलेक्ट्रॉन चमक उजळायच्या ऐवजी विझवतात. तांब्याला 'पेटणारा' दिवा बनवणं म्हणूनच अवघड.

धातूला अशी दोन्हीकडून पकड घालणाऱ्या रेणूला 'कीलेट' म्हणतात. हा शब्द १९२० साली मॉर्गन आणि ड्र्यू यांनी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतला. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. चिंबोरीनं बोट धरलं की ते दोन बाजूंनी धरलं जातं.

आता पेशीकडे येऊ. भाच्याच्या धंद्यातूनच सांगतो. दुकानाची मालमत्ता दोन ठिकाणी असते, गोदामातला माल आणि गल्ल्यातली रोकड. दिवसाचा व्यवहार रोकडीवर चालतो. पेशीतही धातू असाच दोन ठिकाणी असतो. बराचसा प्रथिनांना चिकटलेला किंवा कुठल्यातरी पिशवीत कोंडलेला, आणि थोडासा मोकळा. स्नायू आखडणं, मज्जातंतूनं संदेश सोडणं, रक्तपेशीतून पाणी निघून जाणं, हे सगळं मोकळ्या कॅल्शियमच्या चढउतारावर चालतं. जुन्या पद्धतीत पेशी जाळून, विरघळवून एकूण धातू मोजत. म्हणजे दुकान पेटवून राख तोलायची आणि गल्ल्यात किती होते ते विचारायचं. उत्तर मिळतं, पण वेगळ्याच प्रश्नाचं.

आणि ही रोकड किती थोडी असते! बहुतेक पेशींत मोकळं कॅल्शियम शंभर नॅनोमोलरच्या आसपास असतं. शंभर नॅनोमोलर म्हणजे काय, तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाणी घ्या, त्यात चार ग्रॅम कॅल्शियम. पेशीच्या बाहेर, रक्तद्रवात, तेवढ्याच पाण्यात सुमारे अठ्ठेचाळीस किलो. आत चिमूटभर आणि बाहेर जवळजवळ एक पोतं. मध्ये फक्त एक तेलकट पापुद्रा. दार जरा किलकिलं झालं की आत येणारा लोंढा पेशीला ताबडतोब कळतो, आणि त्यावरच तर तिचं सगळं बोलणं चालतं.

ही चिमूट जिवंतपणी मोजण्याची युक्ती रॉजर त्सिएन यांची. १९८० साली, केंब्रिजमध्ये, तिशीही न गाठलेल्या त्सिएननी 'बाप्टा' नावाची नांगी जाहीर केली. त्याआधीची 'ईजीटीए' ही नांगी कॅल्शियम धरायची, पण शरीराच्या आम्लतेला तिच्या हातात आधीच हायड्रोजन असे. तो टाकून मग कॅल्शियम धरायचा, म्हणून ती सुस्त आणि आम्लता जरा बदलली की चुकणारी. त्सिएननी नायट्रोजनला बेंझीनची वलयं जोडली आणि त्याची हायड्रोजनची हाव कमी केली. शिवाय पेशीत मोकळं मॅग्नेशियम मोकळ्या कॅल्शियमच्या हजारो पट असतं. बाप्टाच्या नांगीची फट कॅल्शियमच्या मापाची आहे. मॅग्नेशियम त्याहून लहान, ते त्यात खुळखुळतं, बसत नाही.

पण नांगी पेशीच्या आत न्यायची कशी? तिच्या चार हातांवर ऋण भार, आणि भार असलेली वस्तू तेलकट पापुद्रा आत सोडत नाही. सुई टोचून सोडायची तर पेशी फाटते. १९८१ साली त्सिएननी चारही हातांवर टोप्या चढवल्या. टोपी घातलेला रेणू तेलकट, तो पापुद्र्यातून सहज आत जातो. आत पेशीचीच विकरं टोप्या कापतात, भार उघडे पडतात आणि रेणू आत अडकतो. पेशी स्वतःच दार लावून घेते. टोप्या कापताना थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं, म्हणून डोस जपून द्यावा लागतो, पण ही युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

१९८५ साली आलेलं 'फ्युरा-२' हे माझ्या मते या घराण्यातलं सगळ्यात देखणं. कॅल्शियम धरलेलं फ्युरा ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात जास्त चमकतं आणि रिकामं फ्युरा ३८० च्या. दोन्ही प्रकाश आळीपाळीनं टाकायचे आणि चमकांचं गुणोत्तर घ्यायचं. कुठली पेशी जाड, कुठे रंग जास्त शिरला, दिवा जरा मंदावला का, हे सगळं गुणोत्तरात उडून जातं. तराजूच्या दोन्ही पारड्यांना सारखीच दांडी मारली तर वजन बरोबरच येणार, तसं. आणि यातली गंमत अशी की ३६० च्या आसपास फ्युरा कॅल्शियम असो नसो, सारखंच चमकतं. भाच्याच्या यंत्रातली नळी साधारण ३६५ ची असते. म्हणजे नोटा तपासायच्या नेमक्या त्याच दिव्याखाली जगातला सगळ्यात गाजलेला कॅल्शियमचा रंग जवळजवळ आंधळा.

त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही शिमोमुरा आणि चॅल्फी यांच्यासोबत जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनासाठी. पुढे त्या प्रथिनालाच कॅल्शियमची नांगी जोडून पेशी स्वतःचा दिवा स्वतः बनवेल अशी सोय झाली. तो वेगळा लेख होईल.

आता पोऱ्याचा प्रश्न. सिकलसेल हा छत्तीसगड आणि विदर्भाचा सामाईक आजार. १९५८ साली नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली, तेव्हा रायपूर आणि नागपूर नुकतेच वेगळ्या राज्यांत गेले होते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलीन, एवढीच चूक. ऑक्सिजन सोडलेलं हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. या दोऱ्या किती लवकर वळल्या जाणार हे हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर इतकं अवलंबून असतं की ऐकून विश्वास बसत नाही. १९७४ च्या मोजमापांनुसार सुरुवातीचा विलंब दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घातानं बदलतो. पेशीतलं पाणी जरासं कमी झालं की फुप्फुसाकडे परत पोचायच्या आतच ती वाकते.

पाणी जातं कसं? हंगेरीच्या गार्डोश यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं की तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरलं की पोटॅशियम बाहेर धावतं. पोटॅशियमच्या मागे क्लोराइड, आणि त्यांच्या मागे पाणी. पुढे १९७३ मध्ये ईटन आणि सहकाऱ्यांना सिकलसेलच्या पेशींत एकूण कॅल्शियम निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. गुन्हेगार मिळाला, असं सगळ्यांना वाटलं. भरपूर कॅल्शियम, म्हणून पोटॅशियम सोडणारं गार्डोशचं दार कायम उघडं, म्हणून पेशी सुकलेली.

इथे गोदाम आणि गल्ला वेगळे करायची वेळ आली. १९८५ साली केंब्रिजचे ल्यू, न्यूयॉर्कचे बुकचिन आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ते जास्तीचं कॅल्शियम पेशीच्या आतल्या बारीक पिशव्यांत कोंडलेलं असतं. या पिशव्या पेशीच्या पापुद्र्यातूनच आत चिमटल्या जाऊन तयार होतात, आणि म्हणून त्या उलट्या असतात. खिसा आत-बाहेर झाला की त्याचं अस्तर बाहेर येतं, तसं. पापुद्र्यावरचे कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप आता कॅल्शियम पिशवीच्या आत फेकतात. पंप आपलं काम इमानानं करतोय, फक्त 'बाहेर' कुठे आहे हे बदललं. पेशीशास्त्रातल्या इतक्या सुरेख गोष्टी मला फार थोड्या माहीत आहेत.

मग गल्ल्यात किती? इथे फ्युरासारख्या रंगांचा उपयोग सोपा नव्हता. तांबडी पेशी हिमोग्लोबिननं ठासून भरलेली, आणि हिमोग्लोबिन जांभळा-निळा प्रकाश पिऊन टाकतं. आत दिवा लावला तरी उजेड बाहेर येईना. १९८७ मध्ये एलिझाबेथ मर्फी आणि सहकाऱ्यांनी त्सिएनचीच बाप्टा नांगी घेतली, पण तिला दिव्याऐवजी फ्लोरीन जोडलं आणि चुंबकीय अनुनादाच्या यंत्रानं, एनएमआरनं, वाचलं. त्या यंत्राला रक्ताचा लाल रंग आड येत नाही. त्यांना मिळालेला आकडा, ऑक्सिजन भरपूर असताना, निरोगी पेशीत आणि सिकलसेलच्या पेशीत जवळजवळ सारखाच, वीस नॅनोमोलरच्या आसपास. आपल्या शंभर टँकरच्या हिशेबात एक ग्रॅमही नाही. गोदाम भरलेलं, गल्ला मात्र शेजाऱ्याच्या दुकानाइतकाच.

मग गार्डोशचं दार उघडतं कधी? ऑक्सिजन सुटून पेशी वाकते त्या क्षणांपुरतं. पापुद्रा ताणला जातो, बाहेरचं कॅल्शियम थोडं आत झिरपतं, दार उघडतं, पोटॅशियम आणि पाणी निसटतं, आणि पंप पुन्हा सगळं आवरतो. पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा वाकणं. प्रत्येक फेरीला थोडं पाणी कमी. एकूण कॅल्शियम कितीही अचूक मोजलं असतं तरी हे कळलं नसतं. पुढे ४८८ नॅनोमीटरच्या हिरवट-निळ्या लेझरवर चमकणारे 'फ्लुओ' जातीचे रंग आले, आणि तांबड्या पेशी एकेक करून लेझरसमोरून पळवत त्यांच्यातलं कॅल्शियम पाहणं शक्य झालं. म्हणजे पोऱ्याला मी दिलेलं 'हो' अगदीच खोटं नव्हतं. चमकेल, पण फणसाच्या रंगानं नाही आणि या दिव्याखालीही नाही.

गार्डोशचं दार बंद करणारं सेनिकापोक नावाचं औषधही आलं होतं. रक्तपेशी फुटणं कमी झालं, हिमोग्लोबिन वाढलं, पण रुग्ण ज्याला खरं घाबरतो ते दुखण्याचे झटके कमी झाले नाहीत. मोठी चाचणी थांबवली गेली. नकाशा बरोबर असला तरी रस्ता मिळतोच असं नाही.

या चमकणाऱ्या रंगांच्या तक्रारीही सांगायला हव्यात, कारण लेखांत नुसती झगमग छापतात. पहिली तक्रार नांगीतच आहे. मोजण्यासाठी ती कॅल्शियम पकडून ठेवते. तपासायला यंत्रात धरलेली नोट तेवढा वेळ गल्ल्यात नसते. त्सिएनचा आधीचा 'क्विन-२' इतका फिका होता की तो पेशीत पुष्कळ भरावा लागे, आणि मग पेशीचे स्वतःचे चढउतारच सपाट होत. फ्युरा जास्त तेजस्वी, म्हणून थोडा पुरतो. त्याचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो. दुसरी गोष्ट, नांगीची पकड घट्टही नको, सैलही नको. जेवढं कॅल्शियम असतं साधारण तिथेच अर्धी भरणारी हवी. फार घट्ट असेल तर सगळी भरून बसते आणि वाढलेलं दिसतच नाही.

धातू बदलला की खेळही बदलतो. जस्ताच्या रंगांनी २०११ मध्ये दाखवलं की उंदराचं बीजांड फलित झालं की ते जस्ताचे लोट बाहेर फेकतं, ठिणग्या उडाव्यात तसे. तांब्याबाबत उलट आश्चर्य. १९९९ साली यीस्टमध्ये हिशेब केला तर मोकळं तांबं पेशीमागे सरासरी एका आयनाहूनही कमी निघालं. गल्ल्यात एक नाणंही नाही, सगळा व्यवहार हातोहात, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे.

आणि मँगनीज. नागपूरहून रायपूरला येताना गाडी तुमसर रोडवरून जाते. तिथून जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, पलीकडे बालाघाट. आपल्या या पट्ट्याचा हा धातू. १८३७ साली ग्लासगोत जॉन कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांचे लटपटणारे पाय पहिल्यांदा नोंदले. पार्किन्सनसारखा तो विकार. इतकी जुनी ओळख असूनही जिवंत पेशीत मँगनीज पाहणं फार उशिरा जमलं, कारण लोखंड, तांबं, जस्त यांच्या ओळीतल्या धातूंपैकी नांगीला सगळ्यात सैल धरणारा तोच. बाकीचे त्याला सहज ढकलून जागा घेतात, कॅल्शियमची गर्दी वेगळीच, आणि वर त्याचे एकटे इलेक्ट्रॉन चमक विझवायला टपलेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, अंकोना दत्ता यांच्या गटानं नांगीऐवजी बंद कडी घेतली. धातूभोवती वळसा घालणारी, माप नेमकं करता येणारी. मँगनीज आलं की उजळणारे आणि जिवंत पेशीत चालणारे त्यांचे रेणू २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगरी बुजुर्गच्या खाणीचा धातू आणि कुलाब्याची कडी, हा योग मला सुखावतो.

सिकलसेलच्या तपासणीला मात्र यातलं काही लागत नाही, हेही सांगून टाकतो. रायपूरला किंवा गडचिरोलीला आधी साधी विद्राव्यता चाचणी करतात, बाटलीतलं पाणी गढूळ झालं की संशय, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर पक्कं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली होती, ती असल्याच चाचण्यांवर. आपला पोरगा रोज हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेतो. ती गर्भातलं हिमोग्लोबिन परत वाढवते, आणि दोऱ्या वळायला अडथळा येतो.

संध्याकाळी ग्लासातलं पाणी अजून चमकत होतं. मी पोराला कॅल्शियमचं सगळं सांगितलं, शंभर टँकर, उलटा खिसा, आणि पाणी निसटण्याची फेरी. तो गंभीरपणे ऐकत होता. मग म्हणाला, म्हणूनच डॉक्टरसाहेब दर वेळी पाणी पीत राहा म्हणतात का? मी म्हटलं, म्हणूनच. मे महिना होता, बाहेर रस्ता वितळल्यासारखा दिसत होता. त्यानं वहीवर पेन ठेवलं, पोत्यामागची दोन लिटरची बाटली काढली, ती निम्म्याहून जास्त भरलेलीच होती. माझ्याकडे बघत त्यानं अर्धी रिकामी केली आणि भाच्याला विचारलं, "भैया, मटके म अउ पानी हे का?"